शानिदारची मूठमाती

१९६० सालच्या उन्हाळ्यात उत्तर इराकच्या डोंगरातून एक टॅक्सी बगदादकडे निघाली. टपावर लाकडी खोके दोरखंडाने आवळून बांधले होते आणि खोक्यात प्लॅस्टरने लिंपलेला मातीचा मोठा ठोकळा होता. त्या ठोकळ्यात सत्तर हजार वर्षांपूर्वी मेलेल्या एका पुरुषाचा सांगाडा आहे, एवढेच तो पाठवणाऱ्यांना ठाऊक होते. दोन वर्षांनी संग्रहालयात माती हळूहळू उकरली गेली, तेव्हा कळले की तो पुरुष एकटा नाही. त्याच्या खाली दोन बायकांची हाडे होती आणि एका तान्ह्या मुलाचीही.

चार माणसे, एकाच हातभर जागेत. ती तिथे आली कशी? कोणी आणून ठेवली का? आणि ठेवली असतील, तर ठेवणाऱ्याच्या मनात काय होते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माती, दगड आणि हाडे देऊ शकतात. तिसरा प्रश्न मात्र धर्माचा आहे, आणि गेली साठ वर्षे शानिदारच्या गुहेवर झालेला सगळा वाद याच तिसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो आहे.

शानिदार इराकच्या कुर्दिस्तानात, झाग्रोस पर्वतरांगेतल्या ब्रादोस्त डोंगराच्या अंगावर आहे. खालून ग्रेटर झाब नदी वाहते. गुहेचे तोंड दक्षिणेकडे, सुमारे २५ मीटर रुंद आणि ८ मीटर उंच. हिवाळ्यातले ऊन आत येते, बोचरा वारा बाहेर राहतो. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ राल्फ सोलेकी १९५१ मध्ये पहिल्यांदा इथे आले तेव्हा ही गुहा नांदती होती. कुर्द धनगरांची कुटुंबे शेळ्यामेंढ्या, झोपड्या आणि चुलींसह थंडीचे महिने आतच काढत. त्या चुलींच्या राखेखाली सोलेकी यांनी खणायला सुरुवात केली आणि १९६० पर्यंत अधूनमधून ते खणत राहिले. खड्डा शेवटी १४ मीटर खोल गेला, म्हणजे चार मजली इमारत आत उभी राहील इतका. वरच्या थरांत साधारण दहा-अकरा हजार वर्षांपूर्वीची २६ थडगी निघाली. त्याखाली आणखी जुन्या शिकाऱ्यांची हत्यारे होती. आणि सर्वांत खालच्या जाड थरात होते निअँडरथल: पुरुष, स्त्रिया आणि मुले मिळून दहा जणांचे अवशेष.

निअँडरथल म्हणजे आपले मुख्य पूर्वज नव्हेत, पण परकेही नव्हेत. युरोप आणि पश्चिम आशियात लाखो वर्षे राहिलेली ही मानवजात सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी नाहीशी झाली. जाण्यापूर्वी त्यांचा आणि आपल्या पूर्वजांचा संकर झाला होता. आफ्रिकेबाहेरच्या बहुतेक माणसांच्या जनुकांत, म्हणजे मराठी वाचकांच्याही जनुकांत, त्यांचा एक-दोन टक्के वाटा आजही आहे. शानिदारच्या मृतांविषयी बोलताना आपण दूरच्या नात्यातल्या माणसांविषयीच बोलत असतो.

टॅक्सीच्या टपावरून गेलेल्या त्या पुरुषाला अभ्यासकांनी नाव दिले शानिदार ४. तिशी-चाळिशीतला हा माणूस डाव्या कुशीवर, पाय पोटाशी घेऊन पडलेला होता. सोलेकी यांनी त्याच्या आसपासच्या मातीचे नमुने घेऊन ठेवले होते. ते पुढे पॅरिसला आर्लेट लेरॉय-गुरहान यांच्याकडे गेले. त्या परागकणांच्या तज्ज्ञ होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली काही नमुन्यांत त्यांना वाऱ्याने उडून आलेले सुटे कण दिसलेच, शिवाय परागांचे पुंजकेच्या पुंजके दिसले. फुलातला पुंकेसर जसाच्या तसा मातीत मिसळावा तसे. यारो, होलीहॉक, ग्रेप हायसिंथ, पिवळ्या फुलांच्या काटेरी वनस्पती, इफेड्रा. यांतल्या बऱ्याच वनस्पती औषधी. सोलेकी यांनी निष्कर्ष काढला की वसंत सरता सरता कोणीतरी डोंगर फिरून फुले वेचली आणि या माणसाला त्या फुलांवर निजवले.

जगाला हे चित्र फार आवडले. १९७१ मध्ये सोलेकी यांचे पुस्तक आले, त्याच्या नावातच शानिदारच्या लोकांना पहिली फुलवेडी माणसे म्हटले होते. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध अमेरिकेतली तरुण मुले हातात फुले घेऊन उभी राहत होती, तो हा काळ. १९७५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या शोधाचे शास्त्रीय लेख छापून आले. रानटी, वाकलेला, मंदबुद्धी म्हणून ज्याची पन्नास-साठ वर्षे हेटाळणी झाली, तो निअँडरथल एकाएकी मृत्यूपुढे नतमस्तक होणारा, सौंदर्य जाणणारा, बहुधा परलोक मानणारा माणूस झाला.

हे ‘बहुधा परलोक मानणारा’ कुठून आले? फुलांपासून परलोकापर्यंतची उडी इतक्या सहज मारली गेली की बराच काळ ती उडी आहे हेच कोणाच्या लक्षात आले नाही. माणूस फुले वाहतो त्या अर्थी तो काहीतरी मानतो, आणि काहीतरी मानतो त्या अर्थी तो धार्मिक आहे, अशी ही साखळी. तिच्यात धर्म म्हणजे मुळात एक समजूत आहे, हे गृहीत धरलेले आहे. आधी आत्म्याची, परलोकाची, देवाची कल्पना, मग तिच्यातून निघालेला विधी. भारतीय वाचकालाही इथे मोह पडू शकतो. इफेड्राच्या काड्या पारशी धर्मगुरू आजही यस्नाच्या विधीत हओम म्हणून वापरतात, आणि वेदांतला सोम म्हणजे इफेड्राच, असे मानणारे अभ्यासक आहेत. शानिदारच्या मातीतला इफेड्राचा पराग पाहून सोमयागाची मुळे सत्तर हजार वर्षे मागे नेण्याचा हा मोह आहे. पुरावा तो पेलू शकत नाही, कारण त्या डोंगरात इफेड्रा आपोआप उगवते.

मग फुले कोमेजायला लागली.

सोलेकी यांनी स्वतःच नोंदवून ठेवले होते की सांगाड्याजवळ उंदरांसारख्या प्राण्यांची बिळे आहेत. १९९९ मध्ये जेफ्री सॉमर यांनी त्या नोंदीचा धागा पकडला. इराण-इराकच्या डोंगरांत राहणारा एक लहानसा कुरतडणारा प्राणी, पर्शियन जर्ड, बिळात बिया आणि फुले साठवून ठेवतो. परागांचे पुंजके त्याच्या कोठारातले असतील, तर शोकाकुल माणसांची गरजच उरत नाही. २०२३ मध्ये ख्रिस हंट आणि सहकाऱ्यांनी परागांचा पुन्हा विचार केला. एकाच पुंजक्यात निरनिराळ्या वनस्पतींचे पराग मिसळलेले आहेत आणि त्या सगळ्या एकाच वेळी फुलणाऱ्या नाहीत. गुहेच्या मातीत एकट्या राहणाऱ्या मधमाश्या आजही बिळे करतात आणि आपल्या पिलांसाठी परागांचे गोळे करून ठेवतात. बरेचसे पुंजके बहुधा त्यांचेच.

कोणाच्याही मनाला हे चटका लावून जाते. पण शास्त्राने एक सुंदर गोष्ट हिरावून घेतली, असे म्हणून पुढे जाणे बरोबर होणार नाही. फुले गेली तरी शानिदारचा प्रश्न संपत नाही. उलट तो अधिक खरा आणि अधिक कठीण होतो.

मृतांविषयीचा पुरावा वाचताना वाचणाऱ्याचा स्वतःचा अनुभव किती आत शिरतो, याचे एक उदाहरण फ्रान्सचे आहे. १९०८ मध्ये ला शापेल-ओ-सँ गावाजवळच्या लहानशा गुहेत बुईसोनी बंधूंना एका म्हाताऱ्या निअँडरथलचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. या भावंडांपैकी दोघे कॅथलिक पाद्री होते. खोलगट खड्ड्यात, पाय दुमडून ठेवलेला देह त्यांनी पाहिला आणि हे दफन आहे, असे ताबडतोब म्हटले. जन्मभर माणसांना मूठमाती देणाऱ्यांना थडगे ओळखता आले, असे म्हणता येईल. त्यांना सगळीकडे थडगेच दिसले, असेही म्हणता येईल. तोच सांगाडा पॅरिसमध्ये मार्सेलिन बूल यांच्याकडे गेला आणि त्यांनी त्यातून गुडघ्यांत वाकलेला, माकडासारखा चालणारा प्राणी उभा केला. हाडे तीच, पाहणारे डोळे दोन. १९८९ मध्ये रॉबर्ट गार्गेट यांनी निअँडरथलांच्या सगळ्या प्रसिद्ध ‘थडग्यां’वर कठोर टीका केली: छत कोसळते, पाण्याने खळगे पडतात, गाळ साचतो, निसर्गही माणसाला पुरतो. ती टीका आवश्यक होती. तिच्यामुळेच ला शापेलचे उत्खनन १९९९ नंतर पुन्हा हाती घेतले गेले. २०१३ मध्ये संशोधकांनी सांगितले की तो खड्डा निव्वळ नैसर्गिक दिसत नाही, आणि म्हाताऱ्याची हाडे उघड्यावर पडून झिजलेली नाहीत. तो लवकर झाकला गेला होता. शंभर वर्षांनी पाद्र्यांचे म्हणणे परत आले, पण आता त्याच्या मागे मातीचा आणि हाडांच्या पृष्ठभागाचा अभ्यास होता.

शानिदारलाही असेच परतणे घडले. कुर्दिस्तानच्या प्रादेशिक सरकारच्या निमंत्रणावरून केंब्रिजचे ग्रॅहम बार्कर यांचे पथक २०१४ मध्ये गुहेत पोचले. इसिसची फौज जवळ आल्यामुळे त्यांना काम थांबवावे लागले. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले. नवी हाडे मिळतील, अशी अपेक्षा नव्हती. सोलेकी यांच्या जुन्या खड्ड्याच्या भिंतींतून कालमापनासाठी नमुने घ्यायचे होते. पण शानिदार ४ जिथून काढला होता तिथेच, मातीच्या भिंतीत, आधी एक फासळी दिसली, मग मणके, मग मिटलेल्या हाताची हाडे. २०१८ मध्ये कवटी उघडी झाली. साडेसात मीटर माती आणि दगडांच्या भाराखाली ती दबून जेमतेम दोन सेंटीमीटर जाडीची झाली होती.

या नव्या व्यक्तीचे नाव शानिदार झेड. दातांच्या एनॅमलमधल्या प्रथिनांवरून ती स्त्री होती असे दिसते. वय चाळिशीच्या मध्यावर, उंची सुमारे पाच फूट. पुढचे दात मुळांपर्यंत झिजलेले. त्या काळात या वयाला म्हातारपणच म्हणायचे. काळ सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचा.

एमा पोमरॉय आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये तिच्याविषयी जे प्रसिद्ध केले, त्यात फुले नाहीत. आहे तो मातीचा तपशील. गुहेच्या जमिनीवर पाण्याने खोदलेली एक घळ होती आणि ती मुद्दाम अधिक खोल केल्याच्या खुणा दिसतात. देह त्यात फेकल्यासारखा नाही. पाठ एका बाजूला टेकलेली आणि डावा हात डोक्याखाली दुमडलेला आहे. डोक्यामागे एक दगड आहे, तो उशीसारखा ठेवला असावा. शेजारी दोन मीटरहून उंच एक मोठा खडक उभा आहे, कधीकाळी छतातून निखळलेला. आणि त्याच खडकाच्या आडोशाला, सोलेकींच्या चार माणसांसह, किमान पाच देह. सगळे एकाच दिवशी आलेले नाहीत. त्यांच्यामध्ये किती दशके किंवा किती शतके गेली असतील, हे मोजणे अवघड आहे. पण पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी आले, हे नक्की.

या ‘पुन्हा पुन्हा’मध्ये बरेच काही आहे. एखादा माणूस एकदा अपघाताने खळग्यात पडून मरू शकतो. शानिदारमध्ये असे अपघातही झाले आहेत. गुहेतल्या काही निअँडरथलांवर छताचे दगड कोसळले, असे सोलेकी यांचेच मत होते. पण ओळखीच्या खडकाजवळ एकामागून एक देह येत राहतात, तेव्हा कोणीतरी जागा लक्षात ठेवलेली असते. ‘मागच्या वेळी इथेच’ असे म्हणण्याइतकी भाषा त्यांच्याकडे असो वा नसो, ‘मागच्या वेळी इथेच’ हे त्यांच्या कृतीत आहे.

इथे फुलांच्या वादामागचे मूळ गृहीतक तपासायला हवे: धर्म आधी समजुतीत असतो आणि मग कृतीत येतो, हे खरे आहे का?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही नदीच्या घाटावर दहाव्याच्या दिवशी उभे राहून पाहावे. पिंड मांडलेला असतो, सगळ्यांची नजर कावळ्याकडे लागलेली असते. कावळा येतो, शेजारी बसतो, शिवत नाही. घोळका अस्वस्थ होतो. मग घरातले कोणीतरी पुढे होऊन हात जोडते आणि हळू आवाजात म्हणते, धाकटीचे लग्न आम्ही करू, आईला सांभाळू, तू काळजी करू नकोस. असे म्हणणाऱ्यांत आत्म्यावर अजिबात विश्वास नसलेली माणसेही असतात. त्यांना थांबवून तुमचा सिद्धान्त काय, असे विचारले तर उत्तर येणार नाही. तरीही त्या क्षणी ते खोटे वागत नसतात. गेलेल्याचे आपल्याकडे काही राहून गेले आहे, ही जाणीव खरी असते आणि तिला हात जोडण्याची कृती मिळते. श्रद्धा असली तर ती मागून येते, नसली तरी कृती थांबत नाही.

भारतीय विचाराला हे नवे नाही. जैमिनींच्या परंपरेतल्या मीमांसकांनी यज्ञाचा एवढा बारीक विचार केला, पण त्यांच्या मते मुख्य गोष्ट कर्म. देवता त्या कर्माचे एक अंग. देवतेला देह आहे की नाही, ती प्रसन्न होते की नाही, या प्रश्नांवर त्यांचा धर्म उभा नव्हता. ‘धर्म’ हा शब्दही ‘धृ’ या धातूपासून येतो, धरणे, धारण करणे. कठोपनिषदातल्या नचिकेत्याची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचावी. मेल्यावर माणूस असतो की नसतो, हा जगप्रसिद्ध प्रश्न त्याचा तिसरा वर आहे. पहिल्या वरात त्याने मागितले, की आपल्या वडिलांचा राग शांत होवो, आपण परत गेल्यावर त्यांनी आपल्याला ओळखावे. दुसऱ्या वरात त्याने अग्नीचा विधी विचारला. आधी नाते, मग कृती आणि त्यानंतर तत्त्वज्ञान. शानिदारच्या मातीत पहिल्या दोन वरांचे ठसे दिसतात. तिसरा प्रश्न त्या माणसांना पडला होता की नाही, हे हाडांवरून कधीच कळणार नाही. पण तो पडला नसेल तर बाकीचे दोन व्यर्थ ठरतात, असे म्हणण्याला आधार नाही.

नात्याचा ठसा मृतांपेक्षा जिवंत माणसात अधिक स्पष्ट असतो. १९५७ मध्ये सोलेकी यांना मिळालेला शानिदार १ हा वयस्क पुरुष याच गुहेतला, पण झेडनंतर हजारो वर्षांनी जगलेला. खणणाऱ्यांनी लाडाने त्याला नॅन्डी म्हटले. तरुणपणीच कधीतरी त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर जबरदस्त आघात झाला होता; त्या डोळ्याने त्याला बहुधा दिसत नसावे. उजवा हात वाळलेला, कोपराच्या आसपास तुटलेला किंवा तोडलेला. पायांत दुखापती, त्यामुळे चालताना लंगडणे. २०१७ मध्ये एरिक ट्रिंकाउस आणि सेबास्टियाँ व्हिलोट यांनी दाखवले की कानांच्या नळीत हाडाची वाढ होऊन त्याला ऐकूही फारसे येत नसणार. शिकारीवर जगणाऱ्या टोळीत, भोवती हिंस्र पशू असताना, एक डोळा, एक हात आणि बंद झालेले कान. तरीही त्याच्या जखमा भरून आलेल्या आहेत आणि त्यानंतर तो बरीच वर्षे जगला. मेला तेव्हा चाळिशीच्या आसपास होता.

मानवशास्त्रज्ञ कॅथरीन डेटवायलर यांनी १९९१ मध्ये अशा निष्कर्षांना महत्त्वाचा आक्षेप घेतला. हाडे जगणे दाखवतात, प्रेम दाखवत नाहीत. अपंग माणूस टोळीला उपयोगी असू शकतो, त्याला दयेचा विषय करणे हा आपलाच पूर्वग्रह. शिवाय ज्याला सांभाळले त्याला टोमणेही मारले गेले असतील. हा आक्षेप मान्य करावा लागतो, आणि मान्य केल्यावरही एक गोष्ट शिल्लक राहते. ताज्या जखमा घेऊन पडलेला माणूस आठवडेच्या आठवडे शिकारीला जाऊ शकत नाही. तेवढे दिवस त्याच्या तोंडात कोणीतरी घास घातला. त्यामागे माया होती, हिशेब होता की केवळ सवय, हे सांगता येत नाही. घास घातला, हे सांगता येते.

आणि तो घास कसला होता, याचाही थोडा अंदाज येतो. २०२२ मध्ये जेरेन काबुक्चू आणि सहकाऱ्यांनी शानिदारच्या निअँडरथल थरातले जळून कोळसा झालेले अन्नाचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. रानटी कडधान्ये आणि गवताच्या बिया भिजवून, कुटून, एकत्र करून शिजवल्याच्या खुणा त्यांत होत्या. कडधान्ये भिजवल्याने कडवटपणा कमी होतो, पण सालपटे पुरती काढलेली नव्हती. काही कडूपणा उरलाच असणार. मराठी खेड्यात मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, भावकीतून आणि शेजारून जेवण येते आणि त्याला कडू घास म्हणतात. दोन्हींचा संबंध लावणे म्हणजे सोमाचाच मोह पुन्हा करणे. पण मृत्यू आणि जेवण यांच्यातले अंतर शानिदारने कसे ठेवले होते, हे पाहण्यासारखे आहे: त्याने ते ठेवलेच नव्हते. झेडच्या देहापासून हात पोचेल इतक्या अंतरावर चुलींचे थर आहेत. लोक तिथेच शेकोटी करत होते, शिजवत होते, खात होते. मृत आणि जिवंत यांच्यात त्यांनी ठळक रेघ ओढलेली दिसत नाही, असे संशोधकांनीही नोंदवले आहे.

सुतक, विटाळ, स्मशानाची गावाबाहेरची जागा यांची सवय असलेल्या वाचकाला हे विचित्र वाटेल. पण महाराष्ट्राच्या मातीतही असे घडले आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. तिथे मुलांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. ते का तोडले, याचा एक अर्थ असा लावला जातो की गेलेला माणूस उठून दूर जाऊ नये. अर्थ चुकीचा असू शकतो. मूल घरातच राहिले, आणि वर रोजचे जेवणखाण चालू राहिले, हे चुकीचे नाही.

हत्ती आपल्या मृतांची हाडे सोंडेने चाचपतात, चिंपांझी माता मेलेले पिलू दिवसचे दिवस वाहतात. मग माणूस वेगळा कुठे, असा प्रश्न येतो, आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये. शोक प्राण्यांतही असावा. शानिदारला जे दिसते ते शोकाला जागा मिळाल्याचे आहे. केनियाच्या किनाऱ्याजवळ पांगा या सैदी नावाच्या गुहेत ७८ हजार वर्षांपूर्वीचे एक मूल मिळाले, वय अडीच-तीन वर्षे, आपल्याच मानवजातीचे. त्याची हाडे इतकी नाजूक होती की तिथेही अख्खा मातीचा ठोकळा प्लॅस्टरमध्ये बांधून न्यावा लागला. गुडघे छातीशी घेतलेले. कवटी ज्या तऱ्हेने कलली होती, त्यावरून तिच्याखाली कुजून गेलेली काहीतरी उशी असावी आणि देह कशात तरी गुंडाळलेला असावा, असे संशोधकांनी २०२१ मध्ये सांगितले. त्यांनी त्याला म्टोटो म्हटले, स्वाहिली भाषेत मूल. झेड आणि म्टोटो एकमेकांपासून हजारो किलोमीटरवर, दोन वेगळ्या मानवजातींचे, आणि काळाने जवळजवळ शेजारी. दोघांच्या डोक्याखाली बहुधा उशी. मेलेल्याच्या मानेला आधार लागत नाही, हे जनावराचा देह रोज फाडणाऱ्या शिकाऱ्यांना कोणी सांगायला नको होते. तरी उशी दिली गेली.

मूठमाती या मराठी शब्दात मूठ आधी येते, माती नंतर. खड्डा भरायला मुठीचा काही उपयोग नसतो. ते काम फावड्याचे. मूठ प्रत्येकाने स्वतःच्या हाताने द्यायची असते. शानिदारच्या मातीत मूठ ओळखता येत नाही, त्यातली किती माती पाण्याने आणली, किती वाऱ्याने आणि किती हाताने, हे ठरवायला आज सूक्ष्मदर्शकाखाली मातीचे पातळ काप पाहिले जातात. हे काम कोरडे वाटते, पण त्या स्त्रीला कोणीतरी ठेवले की ती नुसतीच तिथे राहिली, या प्रश्नाचे उत्तर त्याच कापांतून येते, आणि म्हणून ते काम माणुसकीचेच आहे.

झेडला गुहेतून काढताना मातीचे लहान लहान ठोकळे करावे लागले. हाडे घट्ट करणारे द्रव थेंबाथेंबाने सोडून, एकेक ठोकळा फॉइलमध्ये गुंडाळून तो बाहेर आणला गेला. हाडे चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी मऊ झाली होती, असे पोमरॉय यांनी सांगितले आहे. इराककडून अभ्यासासाठी उसन्या मिळालेल्या या ठोकळ्यांतून केंब्रिजमध्ये कवटीचे दोनशेहून अधिक तुकडे निघाले आणि महिनोन् महिने ते एकमेकांना जुळवले गेले. त्यावरून कलाकार केनिस बंधूंनी तिचा चेहरा घडवला, आणि २०२४ मध्ये जगाने तो पाहिला: रुंद नाक, जाड भुवया, थकलेले पण जागे डोळे.

त्या चेहऱ्यात कलाकारांचा अंदाज मिसळलेला आहे. हाताच्या बाबतीत अंदाजाची गरज पडत नाही. तो मातीत जसा होता तसा नोंदवला गेला आहे: डावा हात, मनगटात दुमडलेला, कवटीखाली, उशाशी दगड, मागे मोठा खडक, आणि पलीकडे राखेचे थर.